एकोणीस वर्षं नवीन

माझे बाबा, पुरुषोत्तम ढोमणे, भंडाऱ्याकडच्या जंगलात एकोणीस वर्षं एकाच बीटवर फॉरेस्ट गार्ड होते. बीट म्हणजे एका गार्डाने सांभाळायचा जंगलाचा तुकडा. त्या तुकड्यातला प्रत्येक पाणवठा, प्रत्येक खोरी त्यांना तोंडपाठ होती. आणि गंमत म्हणजे ही एकोणीसही वर्षं ते तिथे नवीन होते.

कारण जीपवाले यायचे. गोड बोलणारे, सिगरेट पुढे करणारे, कुणा ना कुणा साहेबाच्या ओळखीचे. "काय दादा, बिबट कुठल्या पाण्यावर येतो आजकाल?" असं सहज विचारायचे. बाबा टोपी काढून डोकं खाजवायचे, भोळसट हसायचे आणि म्हणायचे, "मी नवीन आहो साहेब. मले काई मालूम नाई." बोलता बोलता पायाखालच्या धुळीत ताजा ठसा असला तर बुटाने पुसून टाकायचे. लहानपणी आम्ही हा किस्सा त्यांना पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावायचो. आई हसून हसून डोळे पुसायची. "एकोणीस वर्षं झाली अन् माणूस अजून नवीनच!" म्हणायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना मला लाज वाटणार आहे आणि मधेच थांबले तर ते राहून जाईल.

आई गेल्यापासून बाबा दरवर्षी तीन महिने आयर्लंडमध्ये, गॉलवेला आमच्याकडे येतात. जुलैच्या शेवटी येतात आणि दसरा-दिवाळीच्या मधे परत जातात. गॉलवेत त्यांची माझ्यापेक्षा जास्त ओळख आहे म्हटलं तरी चालेल. मी सोळा वर्षं इथे राहून शेजारच्या बाईला फक्त "ग्रँड, ग्रँड" करते, म्हणजे इथल्या बोलीत बरं, छान. बाबा मात्र तिच्या मागच्या अंगणात रात्री कोल्हा येतो, त्याला दोन पिल्लं आहेत, हे तिला सांगून मोकळे. कुठल्या भाषेत सांगितलं देव जाणे. त्यांची एक छोटी वही आहे. तीत रोजचं लिहायचं: कोल्हा एक, बगळा दोन, सील एक, डोकंच दिसलं. नोकरीत लिहायचे तसंच, तारीख, वेळ, वारा कुठून.

सकाळी सॉल्टहिलला समुद्राकाठी फिरायला जायचे. तिथे फिरणाऱ्यांची एक रीत आहे. रस्ता संपतो तिथल्या भिंतीला पायाने हलकी लाथ मारायची आणि मग परत फिरायचं. का, कुणालाच नीट सांगता येत नाही. बाबा लोकांसारखी लाथ मारायचे, आणि पाय लागला म्हणून लगेच वाकून भिंतीला हात लावून नमस्कार करायचे. त्यांचं बघून आता दोन आयरिश म्हातारेही नमस्कार करतात. रोहित, माझा नवरा, म्हणाला, "अजून दोन वर्षं बाबांना येऊ दे, तिथे नारळ फुटायला लागतील."

आणि हे सगळं करताना बाबांच्या अंगात माझ्या कंपनीचं जॅकेट असायचं. हिरवं, आत मऊ, छातीवर दोन पिळदार शिंगांचं चित्र आणि खाली वेबसाइटचं नाव. मीच दिलेलं. मला घालवेना म्हणून दिलं. त्यांना वाटलं, लेकीने प्रेमाने दिलं.

आता माझं काम सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी आधीची नोकरी गेली. घराचे हप्ते चालू, माझ्या लेकीची, मुक्ताची शाळा चालू. पाच महिने अर्ज करकरून वीट आला, तेव्हा या छोट्या कंपनीने घेतलं. मालकाचं नाव डेक्लन. बोलायला अगदी लाघवी माणूस. वेबसाइटचं काम एकच: मोठ्या जनावरांच्या शिकारीला जायचं असेल तर कुठल्या देशात किती खर्च येतो, ते शेजारी शेजारी मांडून दाखवायचं. कायदेशीर असतं हो सगळं. परवाने असतात, कोटा असतो. पहिल्या महिन्यात मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की तोंडपाठ झालं.

तर मी तक्ते करायचे. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, कॅनडा, किरगिझस्तान. दिवसाचा दर किती, जनावर पडलं तर वेगळी फी किती, शिंगं-कातडं घरी पाठवायचा खर्च किती. हरणं कुठे स्वस्त, रानरेडा कुठे महाग. डोंगरातल्या बोकडासाठी घोड्यांचं भाडं धरलंय का नाही. मला आकड्यांची आवड आहे, काम नीटनेटकं करायची सवय आहे. दुसऱ्या आठवड्यातच डेक्लन म्हणाला की असे स्वच्छ तक्ते आजवर कुणी केले नव्हते. आणि मला, सांगायला शरम वाटते, बरं वाटलं.

बाबांना मी काय सांगितलं? "प्राण्यांच्या टूरिझममध्ये आहे." ते फोनवर म्हणाले, "म्हंजे जंगलाचंच काम ना? माहाच धंदा घेतला पोरीनं." त्यांचा आवाज भरून आला होता. तिथेच खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो ना बाबा."

मग काय, इथल्या गणपतीत, कुणाच्या बारशात, जो भेटेल त्याला, "आमची उल्का जंगलाचं काम करते. लोक फोटो काढाले जातात ना, त्याईले मार्ग दाखवते." कासलबारहून आमची कौमुदी यायची. तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला खरं माहीत होतं. ती माझ्याकडे बघायची आणि मी समोशांकडे.

इथवर नुसतं खोटं होतं. असं खोटं पुष्कळ घरांत असतं. पण मी तिथे थांबले नाही.

ऑगस्टमध्ये डेक्लनने नवीन लेख मागितला. बिबट्याच्या शिकारीत पैसा जातो तो दिवसांत. बिबट्या चौदा-चौदा दिवस येतच नाही, आणि प्रत्येक दिवसाचे पैसे लागतात. दिवस कसे कमी करायचे, म्हणजे खर्च कसा वाचवायचा, ते देशवार लिही, म्हणाला. मी इंटरनेटवरचं सगळं वाचलं. सगळीकडे तेच तेच शिळं. आणि समोर ओट्याशी बाबा गवार मोडत बसले होते.

मी विचारलं. अगदी सहज, त्या जीपवाल्यांसारखंच सहज. "बाबा, बिबट्या लवकर यावा म्हणून काय करतात हो?"

त्यांचा हात थांबला. सवयच ती. म्हणाले, "काहून?"

"लोक फोटो काढायला येतात ना. पंधरा पंधरा दिवस बसून राहतात बिचारे."

बिचारे! हा शब्द मी वापरला. मला आठवतंय.

"हाव, फोटोवाल्याईले तर सांगाले पायजे," म्हणून बाबा खुलले. खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. त्यांनी कधी कुणाला न सांगितलेलं, साहेबांना नाही, माझ्या भावाला नाही, ते सगळं सांगायला लागले. बिबट्या कुठून तरी आधी तुम्हाला बघतच असतो. माणसं मचाणाकडे गेली हे त्याला कळतं. पण त्याला मोजता येत नाही. म्हणून तिघांनी जायचं, दोघांनी वर बसायचं, आणि तिसऱ्याने मोठमोठ्याने बोलत, खोकत, फांद्या मोडत परत जायचं. त्याला वाटतं गेले सगळे. वाऱ्याचं सांगितलं. पहिल्या संध्याकाळी कुठे बसायचं नाही ते सांगितलं. प्राणीगणनेच्या वेळी हे करून त्यांनी एका मादीला तिच्या पिल्लांसकट चार हातांवरून पाहिलं होतं, तेही सांगितलं.

मी टाइप करत होते. ते माझ्या बोटांकडे बघत होते. "लिहून घेऊन राह्यली का?" म्हणाले. मग इतक्या मायेने विचारलं, "हळू सांगू का?"

आणि त्यांनी हळू सांगितलं. एकेक वाक्य, शाळेतल्या श्रुतलेखनासारखं, मी मान वर केली की पुढचं.

लेख खूप चालला. तक्त्यांना कुणी विचारेना, पण 'बिबट्याला मोजता येत नाही' हा परिच्छेद लोकांनी उचलून धरला. आणखी दोन साइट्सनी उचलला. डेक्लनने मला शंभर युरोचं कूपन दिलं, त्यातून मी मुक्ताला नवी हर्ली घेतली. हर्ली म्हणजे इथल्या खेळाची ती चपटी काठी. सप्टेंबरमध्ये नामिबियाहून एका गिऱ्हाइकाने लेखाखाली लिहिलं: युक्ती केली, चौथ्या दिवशी बिबट्या मिळाला, दहा दिवसांचे पैसे वाचले, मनापासून आभार. सोबत फोटो. मी तो फोटो एकदाच पाहिला. मग लॅपटॉप बंद करून कुकर लावला.

बाबा अधूनमधून विचारायचे, "आपला लेख छापला का?" आपला, म्हणायचे. मी म्हणायचे, बघू, चालू आहे.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पाटावर ठेवून पूजा करतात. बाबा नोकरीत असताना त्यांची शिट्टी, काठी, टॉर्च पाटावर असायचे. शिट्टी ते अजून बरोबर आणतात. आदल्या दिवशी त्यांनी पाट पुसला, सुपरमार्केटमधून झेंडू म्हणून कसलीतरी पिवळी फुलं आणली आणि जागा ठरवल्या. इथे माझी शिट्टी, इथे जावयाचा लॅपटॉप, इथे मुक्ताची हर्ली.

"अन् तुहा तो लेख," मला म्हणाले. "कागदावर काढ. आपण दोघाईनं लिहिला ना. यंदा तो ठेवू."

"ऑफिसचं आहे बाबा, असं काढता येत नाही. आणि प्रिंटर बिघडलाय."

"आई, द प्रिंटर्स ग्रँड, आय यूज्ड इट यस्टरडे," मुक्ता म्हणाली.

"मुक्ता, तू मधे बोलू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की रोहित आतून बाहेर आला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं खोटं ओळखायची नोकरी केलेला माणूस. तरी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. पोरीले नको ओरडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे बाहेर पडले आणि अकरा वाजले तरी आले नाहीत. पाऊस लागला होता. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मला वाटलं, भिंतीशी म्हाताऱ्यांबरोबर गप्पा मारत असतील. ते लायब्ररीत गेले होते. काउंटरवरच्या माणसाला त्यांनी छातीवरची शिंगं आणि खालचं नाव दाखवलं आणि माझं नाव सांगितलं. मला सुखद धक्का द्यायचा होता त्यांना. त्या भल्या माणसाने पान शोधून, खालच्या प्रतिक्रियांसकट, फोटोसकट छापून दिलं. वर पैसेही घेतले नाहीत.

साडेअकराला दार उघडलं. बाबा नुसत्या शर्टात भिजून उभे होते. जॅकेट घडी करून हातात धरलं होतं, कागद कोरडे राहावेत म्हणून त्याच्या आत घातले होते. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता येतं. पण येतं.

"बाबा, टॉवेल आणते," मी म्हटलं.

त्यांनी जॅकेट खुर्चीवर ठेवलं, कागद टेबलावर ठेवले. वर तो फोटो होता, काळापांढरा. हसणारा माणूस आणि त्याच्या मांडीवर मान टाकलेली बिबट्याची मादी. मादी आहे हे मला कळलं नव्हतं. बाबांना कळलं.

"मादी होय," म्हणाले. "चौथ्या दिवशी आली."

"बाबा, तिकडे ते कायदेशीर असतं. परवाना असतो, म्हणजे त्या पैशातून जंगल..."

त्यांनी फक्त हात वर केला. मग खाली वाकून त्यांनी त्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि ओळीवरून हळूहळू फिरवत नेलं, शेवटपर्यंत.

"बरोबर लिहिलं तू," म्हणाले. "एक शब्द बी चुकला नाई."

मी रडायला लागले. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. लहानपणी एकदा मी सशाचं पिल्लू डब्यात कोंडून घरी आणलं होतं, तेव्हा त्यांनी मला थोबाडीत मारली होती आणि मग आम्ही दोघं अंधारातून तीन किलोमीटर चालत जाऊन ते परत सोडून आलो होतो. तसं काहीतरी करावं त्यांनी, असं मला मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "पूजेचं पाहू आता. उशीर होऊन राह्यला."

पूजा केली त्यांनी. नेहमीसारखी, सगळ्यांच्या वस्तूंना हळद-कुंकू वाहिलं, हर्लीलाही. माझी जागा पाटावर रिकामी होती. तिथे त्यांनी काहीच ठेवलं नाही आणि फुलंही सरकवून ती जागा भरली नाही. रोहितने विचारलं, "उल्काचं काय ठेवायचं बाबा?" बाबांनी निरांजन लावायला घेतलं.

त्याच दिवशी मी डेक्लनला फोन केला आणि म्हटलं, तो परिच्छेद माझ्या वडिलांचा आहे, त्यांना न सांगता वापरला, काढून टाक. तो चांगला माणूस आहे, ग्रँड म्हणाला आणि पाच मिनिटांत काढला. पण एव्हाना तो आणखी चार ठिकाणी गेलाय, शोधला की सापडतो. मी बाबांना सांगितलं की काढून टाकला. ते म्हणाले, "बरं केलं." मी सांगितलं की दुसरीकडे अर्ज करतेय. "बरं," म्हणाले. खरं म्हणजे तोवर मी एकच अर्ज केला होता. आजही मी तिथेच आहे. परवाच कॅनडाचे नवे दर भरले.

आमच्यात भांडण झालं नाही. तेच मला खात होतं. जेवण कसं झालं विचारलं की छान म्हणायचे. गवार मोडून द्यायचे. जॅकेट मात्र प्रेसमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात गेलं आणि ते रोहितचा जुना रेनकोट घालून फिरायला लागले. कौमुदी म्हणाली, "वेळ दे गं. बाप आहे तो, किती दिवस रागावेल?" मलाही तसंच वाटलं. ते रागावलेत असंच मी धरून चालले होते.

जायच्या आदल्या रविवारी आम्ही कॉरिब नदीच्या काठाने चालत होतो. पाणी ओसरून काठाला चिखल उघडा पडला होता. बाबा आणि मुक्ता पुढे होते. ते एकदम थांबले, उकिडवे बसले, आणि मला त्यांची बोटं दिसली. चिखलाच्या वर, न टेकवता, हवेत पंजा काढून दाखवत होते. पाच बोटं, मधे पडदा, शेपूट इथे घासली. मुक्ताच्या कानाशी लागून कुजबुजत होते. ती तोंडावर हात दाबून बसली होती. नऊ-दहा वर्षांची असताना मीही अशीच बसायचे, त्याच गुडघ्याला टेकून.

मला राहवलं नाही. सगळं विसरून मी धावत गेले. मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहानपणच्याच आवाजात विचारलं, "बाबा, कशाचा आहे हो ठसा? पाणमांजराचा ना? कुठे राहतं ते?"

बाबा उठले. उठता उठता त्यांचा बूट ठशावरून फिरला, सावकाश, डावीकडून उजवीकडे. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू मी घरात शेकडो वेळा पाहिलं होतं आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

"मी नवीन आहो बाई इथं," म्हणाले. "मले काई मालूम नाई."